जुना रंग काढताना

श्रावण लागला की आपल्या बेटावरील मराठी घरांतून लगबग सुरू होते. गणेशचतुर्थी तोंडावर आलेली असते, आरतीला आप्तेष्ट व शेजारीपाजारी जमणार असतात, तेव्हा घराला रंग हा हवाच. हवाही अनुकूल असते. आपल्याकडे हे हिवाळ्याचे दिवस. पाऊस कमी आणि वादळांचा हंगाम अजून दूर. ज्यांचे या वेळी राहून जाते ते दिवाळीपूर्वी किंवा नव्या वर्षाच्या आधी तरी हे काम उरकून घेतात. नवा रंग कोणता द्यावा यावर घरात आठ-आठ दिवस चर्चा चालते. जुन्या रंगाचे काय करावयाचे याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. "त्यात काय, खरवडून टाकायचा," असे म्हणून एखाद्या रविवारी घरातील तरुण मंडळी लोखंडी पट्ट्या आणि तारेचे ब्रश घेऊन भिंतीवर तुटून पडतात. लहान मुले तिथेच धुळीत खेळत असतात. आजी दुपारी केरसुणी घेऊन ती धूळ लोटीत असते.

वाचक बंधुभगिनींनो, नवा रंग देण्याइतकेच जुना रंग काढणे हेही समजून करावयाचे काम आहे. चुकीच्या औषधाने साडी विरते, खिडकी काळवंडते, कुंचला फुकट जातो. ही हानी पैशांत मोजता येईल. परंतु जुन्या रंगाच्या धुळीने लहान मुलाची जी हानी होते ती भरून येत नाही. म्हणून हा लेख.

आधी रंग ओळखावा

कोणत्याही रंगात मुख्यतः तीन वस्तू असतात. एक, रंग देणारी पूड. दुसरी, ती पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ. तिसरी, हे सारे पातळ करणारा द्रव. भिंतीच्या आजच्या इमल्शन रंगात हा द्रव म्हणजे पाणी. दारे-खिडक्यांच्या तेलरंगात तो व्हाइट स्पिरिट किंवा टर्पेंटाइन. यावरून पहिला नियम निघतो : रंग ओला असेतोवर ज्या द्रवाने तो पातळ होतो त्याच द्रवाने तो निघतो. इमल्शन पाण्याने, तेलरंग व्हाइट स्पिरिटने. डब्यावर हे लिहिलेले असते. डबा फेकण्यापूर्वी ते वाचून ठेवावे.

वाळलेल्या रंगाची गोष्ट वेगळी. तेलरंग केवळ सुकत नाही. हवेतील प्राणवायू घेऊन त्यातील तेलाचे रूपच पालटते. दुधाचे दही झाले की पुन्हा दूध होत नाही, तसेच हे. म्हणून वाळलेल्या तेलरंगावर कितीही व्हाइट स्पिरिट ओतले तरी तो पूर्वीसारखा पातळ होत नाही. इमल्शनमध्ये पाणी उडून गेले की त्यातील बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचा रबरासारखा पापुद्रा बनतो. त्यावर मग पाण्याचे काही चालत नाही. शाळेतील साधे पोस्टर कलर आणि जलरंगाच्या वड्या यांत मात्र बहुधा डिंकासारखा पदार्थ असतो. ते वाळले तरी पाण्यात पुन्हा विरघळतात. अॅक्रिलिक रंगांचे तसे नाही. मुलांना कोणते रंग घेऊन द्यावेत हे ठरविताना आयांनी एवढे ध्यानात ठेवले तरी गणवेशावरून होणारी निम्मी भांडणे टळतील.

कपड्यांवरील डाग

गणपतीची मातीची मूर्ती घरी रंगविताना किंवा मखर सजविताना कपड्यांवर रंग सांडतोच. अशा वेळी घाई करावी, पण चोळू नये. चोळल्याने रंग धाग्यांत खोल जातो व डाग पसरतो. वर साचलेला रंग प्रथम चमच्याच्या कडेने उचलून घ्यावा. पाण्याचा रंग असेल तर कपडा उलटा करून मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडावी, म्हणजे रंग आला त्या वाटेने बाहेर पडतो. मग साबण लावून हलक्या हाताने धुवावे. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत गरम पाणी किंवा इस्त्री वापरू नये. उष्णतेने रंग पक्का बसतो.

इमल्शनचा किंवा अॅक्रिलिकचा डाग वाळला असेल तर दवाखान्यात वापरतात ते स्पिरिट कापसावर घेऊन डाग ओला करावा. पाच-दहा मिनिटांत पापुद्रा मऊ होतो. मग तो बोथट सुरीने किंवा जुन्या दात घासायच्या ब्रशाने मागून पुढे असा सुटा करावा व साबणाने धुवावे. एका फेरीत सारे निघत नाही. दोन-तीन वेळा करावे लागते.

तेलरंगाचा डाग ओला असेल तर डागाच्या सुलट बाजूस जुन्या फडक्याची घडी ठेवावी आणि उलट बाजूने व्हाइट स्पिरिटने भिजविलेल्या कापसाने टिपावे. डाग खालच्या फडक्यात उतरू लागतो. फडके वरचेवर बदलावे. नंतर भांडी घासावयाचा पातळ साबण डागावर चोळून तो भाग हातानेच धुवावा. व्हाइट स्पिरिट लागलेला कपडा लगेच वॉशिंग मशिनमध्ये टाकू नये, ड्रायरमध्ये तर मुळीच नाही. त्याची वाफ पेट घेते. कपडा आधी बाहेर वाऱ्यावर वाळवून वास पूर्ण जाऊ द्यावा.

नखांचे पॉलिश काढावयाचे अॅसिटोन पुष्कळ जणी डागांवर वापरतात. सुती कापडाला ते सहसा चालते, परंतु अॅसिटेट नावाचे कृत्रिम रेशीम त्यात अक्षरशः विरघळून भोक पडते. म्हणून कोणतेही औषध प्रथम पदराच्या आतील कोपऱ्यावर किंवा शिवणीच्या आत लावून पाहावे. आजीची पैठणी, लग्नातला शालू, जरीचा फेटा यांवर मात्र घरी प्रयोग करू नयेत. डागाला हात न लावता वस्त्र ड्रायक्लीनरकडे न्यावे आणि तो कोणत्या रंगाचा डाग आहे हे त्याला सांगावे. ही माहिती दिली की त्याचे निम्मे काम होते.

कुंचले, हत्यारे आणि हात

चांगला कुंचला स्वस्त नसतो, आणि तो झिजण्याऐवजी आळसानेच अधिक मरतो. काम संपताच उरलेला रंग डब्याच्या कडेवर निथळावा, मग कुंचला जुन्या वर्तमानपत्रावर पुसून घ्यावा. निम्म्याहून अधिक रंग इथेच निघतो. पाण्याच्या रंगाचा कुंचला त्यानंतर साबण व कोमट पाण्याने धुवावा आणि केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या पट्टीजवळ, बोटांनी दाबून पाहावे. रंग तिथेच दडून बसतो. तेलरंगाचा कुंचला थोड्या व्हाइट स्पिरिटमध्ये दोन-तीन वेळा खळबळून मग साबणाने धुवावा. केस सरळ करून, कागदात गुंडाळून, आडवा ठेवावा किंवा टांगावा. केसांवर उभा ठेवला की तो कायमचा वाकतो. दुसऱ्या दिवशी तेच काम पुढे चालवायचे असेल तर रोज धुण्याची गरज नाही. कुंचला प्लास्टिकच्या पिशवीत हवा न जाईल असा घट्ट गुंडाळून ठेवला तर रात्रभर मऊ राहतो.

पाण्याच्या रंगाने कडक झालेला कुंचला फेकण्यापूर्वी गरम व्हिनेगरमध्ये अर्धा-एक तास भिजवून जुन्या कंगव्याने विंचरून पाहावा. पुष्कळदा तो कामापुरता सुधारतो. तेलरंगाने दगड झालेला कुंचला मात्र व्हिनेगरने सुधारत नाही.

कड्या, बिजागऱ्या, मुठी यांच्यावर वर्षानुवर्षांच्या रंगाची पुटे चढलेली असतात. त्या काढून जुन्या पातेल्यात पाणी व धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर तासभर उकळाव्यात. रंग सालीसारखा सुटतो. हे काम अंगणात करावे, आणि ते पातेले पुन्हा कधीही स्वयंपाकघरात आणू नये. अॅल्युमिनियमच्या वस्तूंना हा उपाय करू नये.

हातावरील तेलरंग काढण्यासाठी काही कारागीर पेट्रोल किंवा व्हाइट स्पिरिट वापरतात. त्याने कातडीतील स्निग्धता जाऊन ती फुटते व पुरळ उठते. त्यापेक्षा स्वयंपाकाचे तेल किंवा खोबरेल हातावर दोन मिनिटे चोळावे, फडक्याने पुसावे व मग साबणाने हात धुवावेत. केसांना लागलेला रंगही तेलानेच सुटतो. पेट्रोल तर कुंचले धुण्यासही वापरू नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीची ठिणगीही तिला पुरते.

जुन्या रंगातील शिसे

येथवरचे सारे डागांचे झाले. आता मुख्य गोष्ट सांगावयाची आहे.

पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे. पांढऱ्या रंगात शिशाची पांढरी पूड घालीत. त्याने रंग दाट दिसे व टिके. लोखंडाला गंज लागू नये म्हणून जो लाल-नारिंगी हात देत, ज्याला आपल्याकडे फ्रेंच नावाने मिनियम म्हणतात, तोही मूळचा शिशाचाच. आपणां मराठी लोकांना ही पूड परकी नाही. मारुतीला तेलात कालवून वाहतात तो परंपरेचा शेंदूर म्हणजे हेच शिशाचे लाल भस्म. नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या लावलेल्या शेंदराचा जाड थर २०२२ साली काढण्यात आला. त्यासाठी मंदिर सुमारे दीड महिना दर्शनास बंद होते. निघालेला शेंदूर हजार किलोंहून अधिक होता आणि त्याखालचे देवीचे मूळ रूप भाविकांना प्रथमच दिसले. ते काम जाणकारांनी, पुरता वेळ घेऊन केले. आपल्या घरच्या फाटकावरील मिनियम आपण रविवारच्या दुपारी तारेच्या ब्रशने उडवितो, हा फरक विचार करण्याजोगा आहे.

शिशाचा रंग मुलांना कसा बाधतो हे प्रथम उघडकीस आले ते आपल्यासारख्याच उष्ण हवेच्या एका प्रांतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात, ब्रिस्बेन शहरी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांमध्ये शिशाच्या विषबाधेचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. हे शिसे येते कोठून हे कोणास उलगडेना. १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने त्याचे कारण मांडले. तेथील घरे लाकडी, पुढे ओसरी, ओसरीला रंगविलेले कठडे. कडक उन्हाने त्या रंगाची बारीक पूड होई. कठडा धरून खेळणाऱ्या मुलांच्या हातांना ती चिकटे आणि अंगठा चोखताना, नखे कुरतडताना पोटात जाई. पुढे १९२२ साली क्वीन्सलंडने मुलांचा हात पोहोचेल अशा जागी शिशाचा रंग देण्यास कायद्याने बंदी केली. आपल्या जुन्या घरांतील वरांग, तिचे कठडे आणि लाकडी खिडक्या आठवा, म्हणजे हे चित्र परके वाटणार नाही.

त्यानंतरही जगाला जाग येण्यास फार काळ लागला. अमेरिकेने घरगुती वापराच्या रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आणली. भारतात रंगातील शिशाची कडक मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२४ च्या आरंभीदेखील जगातील निम्म्याहून कमी देशांतच याविषयी बंधनकारक कायदे होते. तेव्हा रंग केवळ फार जुना असेल तरच संशय घ्यावा असेही नाही. मात्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा तेलरंग असेल तर त्यात शिसे आहे असे धरूनच चालावे.

शिसे लहान मुलांना अधिक बाधते, कारण मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पटीने अधिक शिसे त्यांचे शरीर पोटातून शोषून घेते. ते हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. अमुक इतके शिसे चालेल, अशी सुरक्षित मर्यादा वैद्यकशास्त्राला माहीत नाही. पोटदुखी, बद्धकोष्ठ, फिकटपणा, चिडचिड ही त्याची लक्षणे. परंतु बहुतेक वेळा लक्षण असे काही दिसतच नाही. मूल फक्त अभ्यासात मागे पडते, लक्ष देत नाही, सांगितलेले विसरते. मी शिक्षकी पेशातील माणूस. वर्गात अशी मुले आम्ही रोज पाहतो, आणि त्याची कारणे शेकडो असू शकतात. म्हणून प्रत्येक मंद मुलामागे रंग शोधा असे माझे म्हणणे नाही. पण जे कारण आपल्या हाताने टाळता येते ते तरी टाळावे. मुलाने रंगाचे पोपडे खाल्ले असतील किंवा ते धुळीत राहिले असेल तर डॉक्टरांना तसे सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

शिशाच्या संशयित रंगाविषयी नियम थोडे व स्पष्ट आहेत. पहिला : जो रंग घट्ट धरून आहे, सुटत नाही, तो काढूच नये. साबणाच्या पाण्याने धुवावा, वाळू द्यावा आणि त्यावर नवा रंग द्यावा. झाकलेले शिसे कोणाला बाधत नाही. दुसरा : जेथे पोपडे सुटले आहेत तेवढाच भाग काढावा, आणि तोही ओला करून. फवाऱ्याने पाणी मारीत खरवडावे म्हणजे धूळ उडत नाही. कोरडा सँडपेपर, तारेचा ब्रश, घासण्याचे विजेचे यंत्र यांना येथे बंदी. तिसरा : खाली जाड प्लास्टिक अंथरावे आणि काम संपल्यावर ते आतल्या बाजूने गुंडाळून बांधावे. चौथा : झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. पाचवा : काम चालू असता मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून, शक्य तर घरापासूनही, दूर ठेवावे. सहावा : काम करणाऱ्याने बारीक धूळ अडविणारा मुखवटा वापरावा, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये आणि त्या दिवसाचे कपडे वेगळे धुवावेत. साधा रुमाल तोंडाला बांधून भागत नाही.

येथे आणखी एक सूचना करणे अवश्य आहे. १९६० साली आलिक्स व कॅरोल ही दोन वादळे महिना-दीड महिन्याच्या अंतराने आली आणि पत्र्याची व लाकडाची असंख्य घरे भुईसपाट झाली. त्यानंतर सी. एच. ए.च्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतील काही घरांच्या भिंतींत व छपरांत अॅस्बेस्टॉसचे पत्रे वापरले होते. असा पत्रा घासू नये, खरवडू नये, त्याला भोके पाडू नयेत. त्याचे अदृश्य तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि पुष्कळ वर्षांनी असाध्य रोग उत्पन्न करतात. तेथील रंग काढण्याचा विचारच सोडून द्यावा.

काच, भिंत, लोखंड, लाकूड

आता नव्या व निर्धोक रंगाविषयी. खिडकीच्या काचेवर उडालेले थेंब साबणाच्या पाण्याने भिजवून, धारदार पाते काचेला जवळजवळ टेकवून सरकविल्यास निघतात. काच कोरडी असता पाते फिरवू नये, ओरखडे पडतात. फरशीवरील वाळलेला थेंब प्लास्टिकच्या पट्टीने सुटा करावा. संगमरवरी किंवा मोझेकच्या जमिनीवर व्हिनेगर, लिंबू किंवा कोणतेही आम्ल लावू नये. संगमरवर आम्लात विरतो आणि चकाकी जाते ती परत येत नाही. प्लास्टिकच्या खुर्च्यांना अॅसिटोन लावू नये. रंगाबरोबर खुर्चीही वितळू लागते.

भिंतीवरील इमल्शनचे मोठे पापुद्रे सुटत असतील तर नुसते खरवडून पुन्हा रंग देण्यात अर्थ नाही. आधी ते का सुटतात ते पाहावे. पुष्कळ जुन्या भिंतींवर खाली चुन्याची सफेदी असते. आपल्या बेटावर पूर्वी समुद्रातील पोवळ्याचे दगड भट्टीत भाजून चुना करीत. त्या चुन्याची सफेदी जुनी झाली की तिची पूड होते, आणि पुडीवर चढविलेला इमल्शन रंग भिंतीला नव्हे, त्या पुडीलाच धरून राहतो. तेथे पूड पुरती धुऊन काढल्याखेरीज नवा रंग टिकत नाही. किनाऱ्याजवळच्या घरांत कारण निराळे असते. सिमेंटमध्ये शिरलेली ओल आणि खार बाहेर येताना रंगाला ढकलून देते. आधी छपराची गळती आणि भिंतीची फट बुजवावी, मग रंगाकडे वळावे.

लोखंडी गजांवर नवा रंग असेल तर तारेचा ब्रश व सँडपेपर वापरण्यास हरकत नाही. गंज पूर्ण निघाला पाहिजे आणि त्याच दिवशी गंजरोधक हात दिला पाहिजे. खारी हवा दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. लाकडावरील जाड रंग काढण्यास गरम हवेचे यंत्र सोयीचे. रंग फुगला की लोखंडी पट्टीने तंतूंच्या दिशेने उचलावा. ज्योतीचा दिवा मात्र वापरू नये. जुन्या घरांत फळ्यांमागे पाखरांची घरटी, वाळवीचा भुगा असे काहीबाही असते आणि आग आत धुमसत राहते. शिशाच्या रंगाला तर उष्णता मुळीच देऊ नये; त्याचा धूर धुळीहूनही वाईट.

रंग काढण्याची औषधे

केंकायरीत रंग काढण्याचे औषध मागितले की वेगवेगळे डबे मिळतात. डब्यावर काय लिहिले आहे ते चष्मा लावून वाचावे. मिथिलीन क्लोराइड हे नाव असेल तर तो डबा दुकानातच ठेवावा. हे औषध झपाट्याने काम करते खरे, पण त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळे न्हाणीघरासारख्या बंद खोलीत ती साचून राहते. शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. अमेरिकेत न्हाणीघरातील टबांचा रंग काढताना कित्येक कारागीर जागीच मरण पावले. तेथे २०१९ साली घरगुती ग्राहकांना रंग काढण्यासाठी हे औषध विकण्यास बंदी करण्यात आली. त्याऐवजी सावकाश काम करणारी, कमी वासाची औषधे मिळतात. ती जाडसर लावून वर प्लास्टिक झाकून ठेवावीत. चार तास किंवा रात्रभर लागेल, पण माणूस शाबूत राहतो.

कॉस्टिक सोडा हे जुने औषध. तेलरंगातील तेलाचा तो साबण करून टाकतो, म्हणून रंग सुटतो. पण हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय त्याला हात लावू नये. पाण्यात सोडा थोडा थोडा घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उकळून अंगावर उडते. सागवानासारखे लाकूड त्याने काळे पडते. अॅल्युमिनियमला तो खाऊन टाकतो व त्यातून पेट घेणारा वायू निघतो. लोकर आणि रेशीम त्यात विरघळते. कातडीवर किंवा डोळ्यांत उडाल्यास तत्काळ स्वच्छ पाण्याची धार निदान १५ मिनिटे सोडावी, मग डॉक्टर गाठावा.

व्हाइट स्पिरिट अथवा टर्पेंटाइन शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. ती आजच मोडावी. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, वास नाही. चुकून कोणी प्यायलेच तर ओकारी काढू नये. ओकताना ते फुप्फुसात जाते आणि तेथेच खरा धोका असतो. ११४ क्रमांकावर सामूला बोलवावे आणि बाटली बरोबर न्यावी.

चिंध्या आणि सांडपाणी

जवसाचे तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून जाऊ नये. हे तेल वाळताना उष्णता सोडते. बोळ्याच्या आत ती साठते आणि काडी न ओढता चिंध्या पेट घेतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी एका ३८ मजली इमारतीला अशाच चिंध्यांपासून आग लागली व तीत तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

कुंचले धुतलेले व्हाइट स्पिरिट गटारात ओतू नये. झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवल्यास रंगाचा गाळ खाली बसतो. वरचे स्वच्छ स्पिरिट पुन्हा वापरता येते. गाळ वाळवून टाकावा. आपले बेट लहान आहे. अंगणातील पाणी नाल्याला, नाला नदीला आणि नदी लगूनला मिळते, आणि जे मासे आपण रविवारी ताटात वाढतो ते तेथूनच येतात.

आता राहिला प्रश्न कारागिराचा. पुष्कळ घरांत रंगाचे काम ठेक्याने दिले जाते आणि घरमालक फक्त छटा निवडतो. तसे न करता काम ठरवितानाच त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. हा जुना रंग किती वर्षांचा आहे असे तुम्हांला वाटते? तो कोरडा खरवडणार की ओला? आणि निघालेला कचरा कोठे टाकणार? उत्तरे समाधानकारक नसतील तर दोन पैसे अधिक मागणारा पण ओले काम करणारा दुसरा कारागीर पाहावा. आणि ज्या दिवशी तो कामास येईल त्या दिवशी मुलांना सकाळीच आजोळी पाठवून द्यावे.